लोकरी वंशाची हाक

आमच्या खेळात कुणाला नवा वंश मांडायचा असेल तर आफताबभाई एकच प्रश्न विचारतात. कान कसे, शिंगं किती, रक्त कुठल्या रंगाचं, यात त्यांना काडीचा रस नसतो. चष्मा कपाळावर ढकलून ते म्हणतात, "तुमचा वंश काय करत नाही, ते सांगा."

खेळ म्हणजे लार्प. बारामतीत आम्ही सव्वीस जण तो खेळतो. मनानेच एक जग उभं करायचं, त्यातला एक वंश निवडायचा, त्याचा पेहराव शिवायचा आणि दोन दिवस त्याच वंशाचं होऊन राहायचं. त्याच्यासारखं जेवायचं, भांडायचं, फोमच्या तलवारीने मरायचं. प्रेक्षक नाहीत, तिकीट नाही, टाळ्या नाहीत. माझी आई याला सोंगं म्हणते, आणि लग्नाच्या बोलण्यात यातलं अक्षर काढायचं नाही अशी मला तंबी आहे.

आफताबभाई आमच्यात सगळ्यात मोठे, पस्तिशीचे. वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलेले, आता बारामतीत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. ॲसिडच्या बाटल्या सांभाळणारा माणूस जसे नियम करील तसे त्यांचे नियम. तेजकुळी खोटं बोलत नाहीत. खाणकरी उघड्या आभाळाखाली जेवत नाहीत, बिचारे दोन दिवस ताडपत्रीत बसून पोहे खातात. दातेरी शत्रूला पाठ दाखवत नाहीत, म्हणून पहिल्याच लढाईत निम्मे मरतात.

मी तीन वर्षं तेजकुळी होते. टोकदार कान, कपाळावर चांदीची पट्टी, दोन दिवस खोटं बंद. मला ते जड गेलं नाही, कारण मी मुळातच तोंडावर बोलणारी. माझ्या फटकळपणाने दोन मैत्रिणी तुटल्या आणि एक स्थळ परत गेलं. आणि ज्या दिवशी मी हा वंश सोडून दुसरा मांडायला उभी राहिले, त्याच दिवशी आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलले, हे आधीच कबूल करून टाकते.

त्याचं कारण माझे आजोबा, सिद्धू आबा.

आमचं गाव डाळज. घरामागे ऊस, उसापलीकडे बांध, आणि बांधाखाली उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी. आबांचं सारं आयुष्य मेंढरांमागे गेलं. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, पावसाच्या तोंडावर परत. दुष्काळाच्या वर्षी चारा मिळेना, पाण्याचा टँकर माणसांनाच पुरेना, तेव्हा कळप विकला. मी चौथीत होते, त्या दिवशी शाळेत होते. घरी आले तेव्हा वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, गुंडाळून भिंतीला टेकवलेली होती आणि अंगण झाडलेलं होतं. त्यावर घरात कधीच कुणी बोललं नाही. पप्पांनी ऊस लावला, शाळेची व्हॅन घेतली. आबा गप्प होते, पण ते आधीही फारसे बोलत नसत.

गेल्या वर्षापासून आबा विसरायला लागले. आधी नावं गेली, मग आंघोळ केली की नाही ते. आणि गणपतीच्या सुमारास एके दिवशी ऊन कललं तसे ते बांधावर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हाक दिली.

ही हाक काय असते ते सांगायला हवं. प्रत्येक मेंढक्याची हाक वेगळी. पाण्यावर दोन कळप मिसळले तरी कुणी घाबरत नाही. संध्याकाळी दोघं धनी दोन अंगांना उभे राहतात, आपापली हाक देतात, आणि मेंढरं आपसूक दोन वाटांनी वेगळी होतात. आबांची हाक अशी: आधी टाळूवर जीभ थरथरवून टर्र, मग लांब हीऽऽयाऽ, आणि शेवटी खाली उतरत जाणारा एक हा. मला ती चौथ्या वर्षी येत होती. वर्गात देऊन मी छड्या खाल्ल्या आहेत.

बांधावरून ती हाक रोज जायला लागली. यायला तिकडे कुणीच नव्हतं. आठवड्याभरात वस्तीवरची पोरं उसात लपून उलट बेंऽऽ करायला लागली. एकाच्या मी कानाखाली काढली. त्याची आई भांडायला आली तेव्हा तिलाही ऐकवलं. आबांनी मात्र त्या पोरांकडे कधी मान वळवली नाही.

पण खरं दुखणं हाकेचं नव्हतं, जेवणाचं होतं. आबा संध्याकाळचं जेवेनात. आई ताट पुढे करायची, ते हाताने बाजूला सारायचे.

"मेंढरं बसल्याबिगर कसं जेवू?"

हा मेंढक्यांचा जुना नेम. कळप वाघरीत शिरला, खाली बसला, रवंथ करायला लागला, की मग धन्याने भाकरीला हात लावायचा. पप्पा त्यांना समजावायचे, "आबा, मेंढरं इकली आपुन. बारा वर्सं झाली." आबा मान हलवायचे, जणू पटलंय. आणि ताट तसंच राहायचं. हळूहळू सकाळचंही निम्म्यावर आलं. संक्रांतीला त्यांना नवा सदरा घातला तर तो खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. भिगवणच्या डॉक्टरांनी वजन केलं, गेल्या वेळचं पाहिलं आणि पप्पांना बाहेर बोलावून सांगितलं, की असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात नळी सोसेलच असं नाही.

पप्पांनी ठरवलं, आबांना बारामतीला चुलत्यांकडे ठेवायचं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. "तितं बांध न्हाय, पानी न्हाय. दिसलंच न्हाय तर इसरत्याल," पप्पा म्हणाले. चुलत्यांनी गॅलरीला जाळी बसवून घेतली. मार्चमधला एक सोमवार ठरला. मी पप्पांना काही बोलले नाही, कारण माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. पण मला रात्रंदिवस एकच दिसत होतं. आबा त्या जाळीला धरून उभे आहेत, खाली रिक्षा चालल्या आहेत, आणि ते हाक देतायत.

मेंढरं आणणं शक्य नव्हतं. पण दोन दिवस वाटेल ते व्हायला तयार असलेली वेडी माणसं माझ्याकडे होती.

जानेवारीत आमची बैठक मेहरीनच्या अब्बांच्या गादीच्या दुकानावर, माळ्यावर झाली. मेहरीन आमच्या खेळाची शिंपीण. तलवारी तिच्या दुकानातल्या फोमच्या, चिलखतं उशांच्या अभ्र्यांची. मी उभी राहून म्हटलं, "लोकरी. अंगावर लोकर, मान खाली, कायम एकमेकांना खेटून. बोलत नाहीत."

"काय करत नाहीत?" आफताबभाईंनी विचारलं.

"बोलत नाहीत म्हटलं की."

"ते सोंग झालं. स्वभाव सांग."

"आपल्या माणसाच्या हाकेशिवाय हलत नाहीत. तलवार लावा, आग लावा, तिथेच उभे राहतील. आणि त्याची हाक आली की काहीही असो, जातात."

मेहरीन हळूच म्हणाली, "भारी आहे गं." आफताबभाईंनी वहीत लिहून घेतलं आणि मग विचारलं, "आणि तो माणूस कोण?"

"माझे आजोबा. आपण मार्चचा खेळ डाळजला, आमच्या गाळाच्या रानात घेऊ. ते बांधावरून हाक देतील."

"त्यांना माहीत आहे हा खेळ आहे ते? सुकन्या, ज्याला खेळ माहीत नाही त्याला खेळात ओढायचं नाही. हा नियम मी कुणासाठी मोडत नाही."

"सांगितलंय त्यांना," मी म्हटलं. "तयार आहेत."

इतकं सहज निघालं तोंडातून की माझं मलाच नवल वाटलं. आफताबभाईंनी वही मिटली. ते माणूस आहेत भले, कुणी शब्द दिला की संपलं.

नऊ जणांनी लोकरी व्हायचं ठरवलं, मी धरून दहा. मेहरीनने जुन्या ब्लँकेटांवर पिंजलेला कापूस टाचला, जुन्या पर्सच्या चामड्याचे लोंबते कान केले. गुडघे फुटतील म्हणून चार पायांवर चालायचं नाही असं ठरलं, कमरेत वाकून चालायचं. दर रविवारी कॉलेजच्या मागच्या मैदानात मी त्यांना शिकवायचे. उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून कशी गोलाने उभी राहतात. एक उठलं की बाकीची का ते न विचारता कशी उठतात. अविराज म्हणून एक धिप्पाड मुलगा आहे, जिममध्ये जाणारा, आधीचा दातेरी. तो मान वर काढायचा. मी त्याच्या मानेवर छडी ठेवून म्हणायचे, "तुला काही बघायचं नाहीये. तुझ्या पुढच्याला दिसतंय ना, बास." महिनाभरात तोही असा खेटून चालायला लागला की मला एकदा रडू आलं. सगळ्यांना वाटलं मी खूश झालेय.

आणि हाक. मी त्यांना ती शंभर वेळा ऐकवली. दुसरी कुठलीही हाक दिली तर हलायचं नाही, हीच दिली तर थांबायचं नाही. म्होरकी मी. मी निघाले की सगळ्यांनी निघायचं.

मार्चमधला तो शनिवार. सोमवारी पप्पांची व्हॅन निघणार होती. पाणी मागे सरकून गाळाचं रान मोकळं पडलं होतं, भेगाळलेलं, कडेला बगळे. तेजकुळींनी एका बाभळीशी तळ ठोकला, खाणकऱ्यांनी ताडपत्र्या बांधल्या. दिवसभर खेळ रंगला. दातेऱ्यांनी आम्हाला घेरलं, फोमच्या भाल्यांनी टोचलं, आम्ही डोकी आत घालून उभे राहिलो. घामाने कापूस ओला झाला, कुणी हललं नाही. आफताबभाई लांबून बघत होते आणि त्यांचा चेहरा असा होता की मला माझ्या खोटेपणाची लाज वाटली. पण माघार घ्यायची नव्हती.

ऊन कललं. बांधावर आबा आले. पांढरं धोतर, हातात काठी, खांद्यावर घोंगडी.

टर्र. हीऽऽयाऽ. हा.

मी उठले. मागे वळून बघायचं नसतं म्होरकीने, म्हणून बघितलं नाही, पण मागे पायांचा आवाज आला आणि माझ्या बरगडीला मेहरीनचा खांदा लागला. आम्ही निघालो. दातेरी बाजूला झाले. गाळ ओलांडला, करडईच्या खुंटांतून गेलो, बांध चढलो. आबांची हाक थांबली होती. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते, टाचांना भेगा पडलेले, वहाणा उलट्या घातलेले.

आम्ही त्यांच्याभोवती गोळा झालो आणि खाली बसलो, जसं मी शिकवलं होतं तसं, आधी हात टेकून, मग गुडघे.

आबांनी काठी खाली ठेवली आणि ते आमच्यातून फिरायला लागले. एकेकाच्या पाठीवर हात ठेवत होते. अविराजच्या पाठीवर ठेवला, मेहरीनच्या मानेवरून फिरवला. माझ्या पाठीवर हात आला तेव्हा मी मान आणखी खाली घातली. मला वाटत होतं, झालं, आता बसतील, आता जेवतील. घरून आईला भाकरी आणायला मी आधीच सांगून ठेवलं होतं.

तेवढ्यात खालून कुणीतरी पळत आल्याचा आवाज आला. आफताबभाई. घाम, चष्मा हातात, चेहरा लाल. त्यांच्यामागे करडईच्या कडेने आई, डोक्यावर पाटी. आई भाकरी घेऊन आली ती आधी खाली खेळाच्या तळावर ताक द्यायला थांबली होती. तिथे तिने भाबडेपणाने जे खरं ते सांगून टाकलं होतं: "मामंजींस्नी कुठं काय ठावं भाऊ? त्यास्नी वाटंल मेंढरंच आली, आन् दोन घास खात्याल."

"सोंग उतरवा!" आफताबभाई ओरडले.

आमच्या खेळात याच्यापुढे काही नाही. हा शब्द आला की जो जिथे असेल तिथे त्याने उभं राहायचं, डोक्यावरचं काढायचं आणि स्वतःच्या नावाचं माणूस होऊन जायचं. कुणी दुखावलं, कुणी घाबरलं तरच हा शब्द वापरतात. चार वर्षांत मी तो दोनदा ऐकला होता.

नऊ जण उभे राहिले. कान उतरले, ब्लँकेटं खांद्यावरून खाली आली. आबांच्या भोवती, जिथे आत्ता मेंढरं बसली होती, तिथे घामेजलेली कॉलेजची पोरं उभी होती. मी तशीच खाली बसून राहिले. मला वर बघायची हिंमत नव्हती.

"आबा, माफ करा," आफताबभाई म्हणाले. "तुमची नात आमच्याशी खोटं बोलली. तुम्हाला सांगितलंय म्हणाली. ही माणसं आहेत. हा खेळ आहे आमचा. तुम्हाला असं फसवायचं नव्हतं आम्हाला."

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मेहरीनच्या खांद्यावरून कापसाचा एक पुंजका उचलला आणि चिमटीत चोळला.

"ही लोकर न्हाय," ते म्हणाले. "गादीचा कापूस हाय. हात लावला तवाच कळलं. येवढं बी कळंना व्हय मला?"



"मग आबा, पाठीवरनं हात कशापायी फिरीवलात?" हे मीच विचारलं.

"आली म्हनून. हाक दिली आन् आली. कोन बी असू दे." ते बांधावर खाली बसले, हळूहळू, जमिनीला हात टेकत. "इतकी वर्सं हाक देतुया मनात. आता तोंडातनं निगती."

आई पाटी खाली ठेवून उभी राहिली. आबा आमच्या कुणाकडे न बघता, पाण्याकडे बघून बोलायला लागले. इतकं सलग मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"ट्रक आलता. फळी लावली. मेंढरं चढंनात. परकी मानसं, परकी हाक, कशी चढत्याल? त्या मानसांनी काठ्या काडल्या. तोंडावर मारत व्हती. गाभन व्हत्या त्यात चार. मला बघवंना. म्या म्हनलं, थांबा, मारू नगा. मीच चढलो वर ट्रकात. आत हुबा ऱ्हायलो. आन् हाक दिली."

त्यांनी तोंड पुसलं.

"समदी चढली. एकामागं एक. ढकलाढकली करून चढली. वाटलं आसंल, धनी वर हाय, म्हंजी वर चारा हाय. मग म्या फळकुटावरनं बाजूनं खाली उतरलो. ती माज्याकडं बगत व्हती. मोटार निगाली तरी बगत व्हती."

"आबा, तुम्ही तरी काय करणार होता," अविराज म्हणाला. बिचाऱ्याने चांगल्या मनाने म्हटलं.

"ते जाऊ दे," आबा म्हणाले. "घरी आलो. गोजरीनं भाकर वाढली. आन् म्या जेवलो. भूक लागलती. दोन भाकरी खाल्ल्या. मेंढरं बसल्याआदी जलमात कदी घास घेतला न्हवता, त्या दिशी घेतला." मग म्हणाले, "आता समदं इसराया लागलुया. गोजरीचं तोंड बी डोळ्याफुडं येत न्हाय. सकाळी काय खाल्लं इचारशील तर सांगता येनार न्हाय. ह्ये तेवढं जाईना."

गोजरी माझी आजी. ती जाऊन तीन वर्षं झाली. ती असेपर्यंत हे तिलाही त्यांनी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी त्यांच्या पायाशी बसले होते आणि मला कळत होतं की मी दोन महिने ज्यासाठी राबले ते किती उथळ होतं. मला वाटलं होतं आबा वेडे झालेत आणि त्यांना फसवून दोन घास भरवता येतील. त्यांना सगळं समजत होतं. ते जेवत नव्हते, कारण एकदा जेवले होते.

आफताबभाईंनी चष्मा घातला, पुन्हा काढला. मेहरीन उघडच रडत होती. तोंडाला फासलेला काळा रंग गालांवरून उतरला होता.

आबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "दमली आसशीला. ऊन लई व्हतं." मग मला म्हणाले, "सुके, ह्यास्नी सकाळची हाक येती का?"

"न्हाय आबा. मी येकच शिकीवली."

मेंढक्याकडे दोन हाका असतात. एक संध्याकाळची, या म्हणणारी. दुसरी सकाळची, वाघर उघडल्यावरची. तिच्यात शब्द नाही, दोन तोकड्या शिट्ट्या असतात. तिचा अर्थ, सोडलं, जा, चरा. ती मला आठवतही नव्हती. आबांचे दात गेल्यापासून त्यांना शिट्टी जमत नव्हती, तरी त्यांनी ओठ जुळवले. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा बारीक, फाटकी अशी ती आली. दोनदा.

"जावा," ते म्हणाले. "सोडलं तुमास्नी. आन् कुनी बी हाक दिली म्हनून येत जाऊ नगा."

खेळ थांबलेला होता. सोंग उतरलेलं होतं. आफताबभाईंच्या नियमाप्रमाणे आता सगळ्यांनी आपापल्या नावाने, आपापल्या चालीने जायला हवं होतं. पण अविराज आधी वळला आणि त्याने मान खाली घातली. मेहरीन त्याच्या खांद्याला खेटली. मग सगळेच, एकामागे एक, कुणी काही न सांगता, ब्लँकेटं पाठीवर ओढून बांध उतरायला लागले. कुणी पळालं नाही, कुणी मागे पाहिलं नाही. मी मैदानात इतकं घासूनही त्यांना तसं चालताना पाहिलं नव्हतं. आफताबभाई मात्र मागे राहिले.

"वर्षभर तू खेळात नाहीस, सुकन्या," ते मला म्हणाले.

"बरं," मी म्हटलं. त्यात वाद घालण्यासारखं काहीच नव्हतं.

त्यांनी आबांना वाकून सलाम केला. मग त्या नऊ जणांच्या मागोमाग तेही गेले, तसेच मान खाली घालून.

बांधावर मी, आई आणि आबा राहिलो. सोमवारी काय व्हायचं ते होणारच होतं. पप्पांनी व्हॅनमध्ये डिझेल भरून ठेवलं होतं. आईने पाटीवरचं फडकं काढलं. ज्वारीच्या भाकरी, हुलग्याचं माडगं, लसणाची चटणी. तिने ताट आबांच्या पुढे ठेवलं आणि सवयीने जरा मागे सरकून बसली, रोज जशी त्यांचा हात ताट सारण्याची वाट बघत बसायची तशी.

आबांनी मला पाहिलं. "तू न्हाय गेलीस?"

"न्हाय."

"तुला बी सोडलं व्हतं."

"ठावं हाय."

त्यांनी मान हलवली. ताटाकडे पाहिलं नाही. डोळे बारीक करून खाली गाळाच्या रानाकडे बघत राहिले. त्यांना आता लांबचं नीट दिसत नाही. नऊ जण तळापाशी पोचले होते. मला दिसत होतं, ते बाभळीजवळ थांबले, कुणी पाणी प्यायलं नाही, कुणी पेहराव सोडला नाही. मग एक खाली बसला, आणि त्याच्यामागे सगळे बसले, एकमेकांना खेटून.

"बसली का गं?" आबांनी विचारलं.

"बसली, आबा."

"समदी?"

मी मोजले. परत मोजले. मला आता त्यांच्याशी एकही शब्द खोटा बोलायचा नव्हता.

"समदी," मी म्हटलं.

आबांनी भाकरी मोडली.